विरजण आणि वायफाय

कॉमर्सच्या पहिल्या वर्षी आमच्याकडून जमाखर्चाचा एक नियम घोकून घेतला होता : येईल ते नावे, जाईल ते जमा. सगळे जग या नियमावर चालते अशी तेव्हा माझी समजूत होती, आणि बँकेत चिकटल्यावर तर ती पक्कीच झाली. आपल्या घरातून वाटीभर साखर शेजारी गेली की आपला डबा वाटीभर उतरतो आणि शेजाऱ्याचा वाटीभर चढतो. परत येताना ती वाटी जराशी लहान होऊन येते, पण तो जमाखर्चाचा नव्हे, शेजारशास्त्राचा विषय आहे.

काही वस्तू मात्र या नियमाला जुमानत नाहीत. विद्या दिल्याने वाढते असे आपले सुभाषितकार सांगून गेले. त्यांच्या वेळी क्लासेस नव्हते. असते तर दिल्याने नेमके कोणाचे काय वाढते हेही त्यांनी सांगितले असते. दिव्यावर दिवा लावला म्हणून पहिला दिवा मंद होत नाही. आणि तिसरे म्हणजे विरजण. चमचाभर विरजण शेजारी जाते, तिथे पातेलेभर दही लागते, आणि आपल्या घरच्या कढीत काही फरक पडत नाही. विरजण मागायला आलेल्या बाईला कोणी ‘दूध किती आहे?’ असे विचारत नाही, आणि दिलेले विरजण परत आल्याचे उदाहरण इतिहासात नाही.

या यादीत अलीकडे चौथी वस्तू आली आहे. ती म्हणजे इंटरनेट.

मी मारुंजीत राहतो. हिंजवडीच्या लक्ष्मी चौकातून पुढे आलात की उंच उंच इमारती लागतात, तेच आमचे गाव. तालुका मुळशी. शेजारी हिंजवडीला राजीव गांधी इन्फोटेक पार्क झाले आणि इकडच्या शेतांतून पिकांऐवजी फ्लॅट उगवू लागले. आमच्या सोसायटीत पाणी टँकरने येते आणि इंटरनेट तारेने. टँकर कधी येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तार कधी तुटेल ते मात्र शेंबडे पोरही सांगते. रस्त्यावर जेसीबी दिसला की तार तुटते.

तार तुटली की आमच्या इमारतीत हाहाकार उडतो. निम्मी बिऱ्हाडे आयटीतली; त्यांची कचेरी जेवणाच्या टेबलावर भरते. अशा वेळी ज्याच्या लॅपटॉपला दुसऱ्या कुठल्या वाटेने, म्हणजे डोंगलने किंवा फोनच्या आधाराने, नेट मिळत असते तो गृहस्थ एका क्षणात गावचा पाटील होतो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ‘मोबाइल हॉटस्पॉट’ नावाचे एक बटण आहे. ते दाबले की लॅपटॉप आपले नेट स्वतःपुरते न ठेवता हवेत सोडतो, आणि पासवर्ड ठाऊक असलेल्यांनी ते झेलायचे.

ही युक्ती जुनी आहे. आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमच्या कृपेने. मोडेम किंचाळायचा, टेलिफोन अडकून पडायचा आणि एक चित्र उमटेपर्यंत चहा होऊन जायचा. त्या जमान्यात, १९९९ साली, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाचे नेट दुसऱ्याला वाटून देण्याची सोय आली. जे एकाला पुरत नव्हते ते दोघांत वाटावे असे ज्याच्या मनात आले तो नक्की एकत्र कुटुंबात वाढलेला असणार. २००९ च्या विंडोज ७ मध्ये हे वाटप तारेशिवायही जमू लागले, आणि २०१६ मध्ये विंडोज १० ला ते बटण मिळाले. या बटणावर जास्तीत जास्त आठ यंत्रे जोडता येतात. आठच का? अष्टप्रधान, अष्टविनायक, अष्टपुत्रा सौभाग्यवती! विंडोजवाल्यांच्यात कोणीतरी आपला माणूस असल्याशिवाय हा आकडा निघायचा नाही.

आता प्रश्न असा की, हे दान आहे का? महिन्याचे पैसे भरलेलेच आहेत. आठ जण जोडले गेले तर वेग कमी होतो हे खरे. लॅपटॉप वायफायनेच नेट घेऊन वायफायनेच वाटत असेल तर आणखी कमी होतो, कारण एकाच यंत्राने ऐकायचे आणि त्यानेच पुढे सांगायचे. पण खिशातून दमडी जात नाही. आणि ज्यात काही जात नाही ते दान कसले? मी असा विचार करत होतो, तोपर्यंत आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ठराव आणला : ‘सोसायटीच्या वायफायचा पासवर्ड कोणत्याही बाहेरच्या व्यक्तीस देऊ नये.’ बाहेरची व्यक्ती म्हणजे मोलकरणी, ड्रायव्हर, वॉचमन, आणि काही सभासदांच्या मते भाडेकरू.

सेक्रेटरी निवृत्त आहेत. निवृत्त माणसाला ठराव हे च्यवनप्राशासारखे असतात. पण त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. त्यांनी २००८ सालची आठवण करून दिली. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीची ईमेल गेली होती. पोलिसांनी माग काढला, तो थेट नवी मुंबईतल्या सानपाड्याला, एका परदेशी गृहस्थाच्या फ्लॅटवर. त्या गृहस्थाचा या प्रकाराशी काडीचा संबंध नव्हता. वायफाय मात्र त्याचे होते, आणि कोणा भलत्यानेच ते वापरले होते. पुढे २००९ च्या जानेवारीत मुंबईचे पोलीस उघडी वायफाय शोधत रस्त्यारस्त्यांवरून फिरले. एरवी पोलीस बंद घरांवर लक्ष ठेवतात. यावेळी उघड्यांवर ठेवावे लागले.

असे का होते ते समजायला इंजिनियर लागत नाही, एकत्र कुटुंब पुरते. लॅपटॉप आपल्याकडे आलेल्या प्रत्येक यंत्राला एक खासगी नंबर देतो. हे नंबर म्हणजे घरातली लाडाची नावे : बंड्या, छकुली, बाळ्या. उंबऱ्याच्या आत चालतात, बाहेर त्यांना कोणी ओळखत नाही. बाहेरच्या जगाला दिसतो एकच पत्ता, म्हणजे घराचे आडनाव. कोणी काय मागितले, उत्तर कोणाला द्यायचे, हे लॅपटॉप एखाद्या जुन्या हेडक्लार्कसारखे आपल्या आवक-जावक रजिस्टरात टिपत असतो. म्हणजे बंड्याने दगड मारला तरी काच फुटलेला माणूस तक्रार घेऊन येतो तो आडनावाकडे.

इथे माझ्यातला बँकवाला दचकून जागा झाला. हे तर आमच्या ओळखीचे प्रकरण! पूर्वी बँकेत खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची ओळख लागे. ‘मी यांना ओळखतो’ एवढे लिहून तो सही करायचा. त्या सहीला एक पैसा खर्च येत नसे. तरी सही करताना भल्याभल्यांचा हात थबकायचा, कारण पैसा नव्हे, नाव जात होते. हॉटस्पॉट देणे म्हणजे नेट देणे नव्हेच. नेट फुकटच आहे. आपण देतो ती सही.

आणि एकदा ही सही आहे म्हटले की दोन गोष्टी स्वच्छ होतात. पहिली ही, की जे आपले नाही त्यावर सही करता येत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा तार तुटली तरी मजेत असतो, कारण त्याला कंपनीने डोंगल दिले आहे. कोणी मागितले की तो म्हणतो, “काका, ऑफिसचा लॅपटॉप आहे, पॉलिसीत बसत नाही.” लोक त्याला कंजूष म्हणतात. मी म्हणत नाही. कॅशियरच्या पुढ्यात लाखांची थप्पी असते. म्हणून तो काचेखालून कोणाला पाच रुपये सरकवत नाही. दुसऱ्याच्या तिजोरीतून उदार होणे याला दान म्हणत नाहीत; त्याचे भारतीय न्यायसंहितेत वेगळे कलम आहे.

दुसरी गोष्ट अवघड आहे. सही जोखमीची म्हणून ती करूच नये का? सेक्रेटरींचे उत्तर होते, करू नये. पण मग मला पुण्यातल्या एका हौदाची आठवण झाली. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हौदातले पाणी वाटल्याने किती कमी झाले असेल? चार घागरी? जमाखर्चाच्या वहीत त्याला ओळसुद्धा मिळाली नसती. जोतीरावांनी तिथे पाणी दिले नाही. त्या वस्तीत, त्या काळी, आपले नाव दिले. त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, यावरून ती सही करायला किती थोडे लोक पुढे आले होते ते कळते. कुठे हौद आणि कुठे हॉटस्पॉट, हे मला कळते. मोठ्यांच्या कृतीच्या सावलीत आपली खुर्ची टाकण्याचा माझा विचार नाही. पण दाराशी आलेल्याला काय द्यायचे यापेक्षा त्याच्यासाठी नाव लावायचे की नाही, हा प्रश्न तोच आहे.

सेक्रेटरींचे यावर एक हुकमी उत्तर असते : “पाण्याची गोष्ट वेगळी. नेट म्हणजे काय पाणी आहे? नेट म्हणजे लोणचं. नसलं तरी जेवण होतं.” २०२० पर्यंत मलाही हे पटले असते. त्या वर्षी शाळा मोबाइलमध्ये भरल्या. कोकणात पोरांनी रेंजसाठी डोंगरावर झोपड्या बांधून अभ्यास केला. लोणच्यासाठी कोणी डोंगर चढत नाही. आता तर २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे. नेट नाही तर कॉलेज नाही.

हा सगळा तत्त्वविचार एका रात्री नऊ वाजता माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. आमचे वॉचमन, ज्यांना सगळी सोसायटी मामा म्हणते, टोपी हातात घेऊन उभे होते. त्या दिवशी जेसीबी आपले काम करून गेला होता.

“साहेब, पोरीचा अकरावीचा फारम भरायचाय. आज शेवटचा दिवस. माझ्या फोनमधला दीड जीबी दुपारीच सरला. चौकातल्या सायबरवाल्याचंबी नेट बंद हाय.”

आमची ही आतून म्हणाली, “अहो, तिला वर बोलवा की.”

“नको ताई, कागदपत्रं समदी केबिनीत पसरलीत. आन् मला गेट सोडता येत न्हाई.”

चौथ्या मजल्यावरचा हॉटस्पॉट गेटपर्यंत पोचत नाही. मी विचार करत उभा होतो. आमच्या हिने विचार केला नाही. तिने लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “विरजण देताना आपण कधी मीटिंग भरवतो का?”

तेव्हा वॉचमनच्या केबिनीबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मी बसलो. वॉचमन गेट सांभाळत होते आणि मी नेट सांभाळत होतो. मुलगी आत आईच्या फोनवर कॉलेजांचा पसंतीक्रम लावत होती. नेमके तेव्हाच सेक्रेटरी शतपावलीला आले.

“हे काय?”

“हॉटस्पॉट.”

“पासवर्ड दिलात?”

“दिला.”

“ठराव वाचला नाहीत?”

“वाचला. तो सोसायटीच्या वायफायचा आहे. हे नेट माझं.”

“उद्या त्यावरून काही झालं तर पोलीस तुमच्या दारात येतील.”

“येतील. म्हणूनच तर खाली येऊन बसलोय.”

सेक्रेटरी काही बोलले नाहीत. दोन फेऱ्या मारून ते परत आले आणि केबिनीत डोकावले. “किती टक्के गं?” ती म्हणाली, “एकोणऐंशी.” “मग हे कॉलेज पहिलं कशाला टाकलंस? तिकडे जायला बस नाही. वाकडकडचं आधी टाक.” दहा मिनिटांत दुसरी खुर्ची आली. पुढचा अर्धा तास त्या मुलीच्या भवितव्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेपेक्षा जास्त गांभीर्याने चर्चा झाली. अकराच्या सुमारास फॉर्म गेला. मामांनी टोपी डोक्यावर ठेवली.

मी लॅपटॉप मिटणार एवढ्यात सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, “जरा थांबता का? शिकागोहून मुलाचा व्हिडिओ कॉल यायचाय. सकाळपासून बिचारा लावतोय. तो पासवर्ड काय म्हणालात?”

मी सांगितला. त्यांच्यासाठीही सही केली. त्यांना मी पंधरा वर्षे ओळखतो, त्यामुळे जोखीम मामांच्या मुलीपेक्षा थोडी जास्तच होती.

मेव्हण्याच्या गृहकर्जाला मी जामीन राहिलो नव्हतो, हे घरी अजून निघते. आता त्यात भर पडली आहे : “वॉचमनच्या पोरीला राहिलात, माझ्या भावाला नाही!” यावर माझ्याकडे उत्तर नाही. मेव्हण्याला पैसे हवे होते, तिला नाव हवे होते, असे काहीसे म्हणावे असे वाटते, पण जेवायला बसल्यावर असले बोलू नये. त्या रात्रीच्या दोन तासांची नोंद नावे करायची की जमा, तेही मला ठरवता आलेले नाही. बँकेत अशा नोंदींसाठी सस्पेन्स खाते असते. तिथेच ठेवली आहे. ऑडिटर येईल तेव्हा बघू.