पळून जाईल का?

13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर दिवसा, कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादवला ठार मारले. सोबत मिरचीपूड होती आणि घरातल्याच सुऱ्या. वस्तीला वर्षानुवर्षे छळणाऱ्या या गुंडाला त्या दिवशी तारखेवर आणले होते आणि तो पुन्हा सुटून येणार, ही धास्ती घरोघर पसरली होती. ती निराधार म्हणता येणार नाही. तो याआधी कितीदा तरी पकडला गेला होता आणि जामिनावर बाहेरही आला होता. दहा वर्षांनी, 2014 मध्ये, खुनाच्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. मग यावर मालिका निघाली, चित्रपट निघाला. पण अशा माणसाला जामीन सहज कसा मिळत होता आणि त्याच आवारात एखाद्या मजुराला तो का मिळत नाही, हा प्रश्न कुणाला फारसा पडला नाही.

जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. खटल्याचा निकाल लागेपर्यंत आरोपी कायद्याच्या दृष्टीने निरपराधच असतो. म्हणून न्यायालयाला मुख्यतः दोनच गोष्टी पाहायच्या असतात: हा तारखेला येईल की पळून जाईल, आणि बाहेर राहून साक्षीदारांना धमकावील का. गुन्हा किती गंभीर, शिक्षा किती मोठी, हे सारे त्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठीच. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1977 मध्येच सांगून ठेवले. वकील ते वाक्य आजही युक्तिवादात वापरतात आणि न्यायाधीश मान डोलावतात.

घरचा माणूस उचलला गेला की नातेवाईक पहिल्याच पायरीवर फसतात. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे. तो पोलीस ठाण्यातच मिळायला हवा, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 478 मध्ये हे आहे, जुन्या संहितेतही होते. आठवड्याभरात जामीनदार न आणू शकणाऱ्याला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावे, असेही त्यात लिहिले आहे. गुन्हा अजामीनपात्र असेल तर 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. तिथे पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागितली जाते, ती संपली की एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. ‘एमसीआर होऊ द्या, मग अर्ज टाकू,’ हे वाक्य ज्याने एकदा ऐकले तो विसरत नाही. मग सरकारी वकिलाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, मग तारीख. दोषारोपपत्र 60 दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात 90 दिवसांत आले नाही तर जामिनाचा हक्क आपोआप उभा राहतो. मात्र तो मागावा लागतो. अर्ज देण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले, तर हक्क गेला.

आणि एवढे करून बेल होते. आदेशात लिहिलेले असते, इतक्या हजारांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. खरी अडचण इथून सुरू होते. जामीनदाराकडे सातबारा हवा, घरटॅक्सची पावती हवी, नाहीतर पगारपत्रक, कधी तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला. बालाघाटहून किंवा छत्तीसगडहून आलेला, बांधकामावरच टिनाच्या खोलीत राहणारा मजूर यातले काय आणणार? त्याचा मुकादम हात झटकतो, भाऊ गावाकडे असतो आणि गाव दुसऱ्या राज्यात. ज्याच्या मागे टोळी आहे त्याला मात्र दोन तासांत जामीनदार सापडतो, भाड्याचासुद्धा. माझा आक्षेप नेमका इथे आहे. मालमत्तेवर बेतलेला जामीन धोकादायक माणसाला बाहेर सोडतो आणि निरुपद्रवी माणसाला आत ठेवतो. कस्तुरबानगरच्या बायकांचा आणि त्या मजुराच्या बायकोचा शत्रू एकच आहे.

हे दुखणे जुने आहे. 1978 चे मोतीराम प्रकरण पाहा. मध्य प्रदेशातल्या या गवंड्याला दस्तुरखुद्द सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला होता. खालच्या दंडाधिकाऱ्याने 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ पुढे आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारले. मोतीरामला पुन्हा दिल्लीचे दार ठोठवावे लागले. कृष्ण अय्यर संतापले आणि 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले. त्याआधी 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये एक साधा प्रयोग झाला होता. कैद्याला पैशांबद्दल न विचारता काम काय करतोस, किती वर्षे इथे राहतोस, घरी कोण आहे, हे विचारायचे, उत्तरे पडताळायची आणि मग नुसत्या शब्दावर सोडायचे. सुटलेले बहुतेक सगळे तारखेला हजर राहिले. आपल्याकडे न्यायमूर्ती भगवती यांनी 1979 मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात हीच कसोटी मांडली. पण ती निकालपत्रातच राहिली. 2022 च्या अखेरीस देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 जण कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन.

पळून जाण्याचा प्रश्न किती बिनमहत्त्वाचा ठरू शकतो, हे पाहायला नागपूरच्या वर्धा रोडवरचे मध्यवर्ती कारागृह पुरेसे आहे. 90 टक्के अपंग असलेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना मे 2014 मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. या कायद्याच्या कलम 43ड(5) नुसार आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाही. माणूस पळेल का, हे विचारायची वेळच येत नाही. तरी मध्ये त्यांना जामीन मिळाला, रद्द झाला, पुन्हा एप्रिल 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्या जामिनावर असलेला हा माणूस 7 मार्च 2017 रोजी गडचिरोलीच्या न्यायालयात व्हीलचेअरवरून हजर होता. त्याच दिवशी जन्मठेप झाली. 14 ऑक्टोबर 2022 रोजी नागपूर खंडपीठाने त्यांना आणि सहआरोपींना निर्दोष ठरवले, तर दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून त्या निकालाला स्थगिती दिली. सहआरोपी पांडू नरोटे हा निकाल यायच्या आधीच, ऑगस्टमध्ये, कैदेत असतानाच गेला होता. 5 मार्च 2024 रोजी खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवले आणि अपिलाची सोय म्हणून 50,000 रुपयांचा जामीन मागितला. निर्दोष सुटलेल्यालाही जामीन! 7 मार्चला साईबाबा बाहेर आले, 12 ऑक्टोबरला हैदराबादेत वारले. नागपूर विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या शोमा सेनही याच कायद्याखाली जून 2018 पासून आत होत्या. त्यांच्याविरुद्ध सकृद्दर्शनी आरोप दिसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते एप्रिल 2024 मध्ये, तेव्हा त्यांच्या खटल्याची सुनावणी सुरूही झाली नव्हती.

यूएपीएचे कलम संसदेने बदलल्याशिवाय हलणार नाही. पण जामीनदाराचा प्रश्न आजच्या कायद्यातच सुटू शकतो. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पाठवावा, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये. नव्या संहितेच्या कलम 479 प्रमाणे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, याआधी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की तो सुटकेला पात्र होतो. अर्ज अधीक्षकानेच करायचा आहे. केंद्राच्या योजनेतून गरीब कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक मदतही मिळू शकते.

तेव्हा तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईच्या मुलाची बेल होऊन आठवडा उलटला आणि तो अजून आतच असेल, तर नवा वकील शोधत बसू नका. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे सचिवांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्या. कोठडीत असलेल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो.