त्याग कोणाचा आणि सोय कोणाची?

सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत शिराळा तालुका आहे. नागपंचमीमुळे ‘बत्तीस शिराळा’ हे नाव महाराष्ट्रभर पोचले. त्या दिवशी विळी, तवा आणि नांगर यांना विसावा देण्याची आपल्या खेड्यांतील जुनी रीत आहे. चिरू नये, भाजू नये, जमीन नांगरू नये. न जाणो, एखाद्या मुक्या जिवाला इजा व्हायची! दुसऱ्या जिवासाठी आपला हात आवरावा, हा त्यामागील भाव मोठा लोभस आहे. परंतु त्याच घरात एखादी सून गरोदर असेल, तर वर्षाच्या इतर दिवशी तिच्यासाठी कोणाचा हात आवरतो?

हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही, नीतीचाही आहे. बाळंतपणात माता दगावली की आपण डॉक्टर, दवाखाना आणि रस्ता यांना दोष देतो. तो दोष कित्येकदा खराही असतो. तथापि, महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये १३० माता मृत्यू पावत. २०१८-२० मध्ये ही संख्या ३३ वर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली शेकडा ९० बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले, तर २०१९-२१ च्या पाहणीत सुमारे ९५. हे यश मोठे आहे. पण याच दोन पाहण्यांत, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण मात्र शेकडा ४८ वरून ५४ वर गेले. दवाखाना घराच्या जवळ आला. घर मात्र बाईच्या जवळ आले नाही.

रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, परंतु त्यांतील कित्येक उंबरठ्याच्या आतच सापडतात. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खायचे, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. गोठ्यातील म्हशीचे दूध डेअरीला जाते आणि तिला धारोष्ण पेलाभरही लाभत नाही. दिवस भरत आले तरी वैरणीचा भारा डोक्यावरून उतरत नाही. अठरा वर्षे पुरी होण्याआधी लग्न, मग मुलगा होईपर्यंत एकामागून एक बाळंतपणे. अंगातले रक्त भरून निघायला अवधीच मिळत नाही. अशा स्त्रीला प्रसूतीच्या वेळी झालेला थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

दुसरी गोष्ट निर्णयाची. मातामृत्यूंच्या अभ्यासकांनी तीन विलंब सांगितले आहेत: दवाखान्यात जायचे ठरविण्यातला, तिथे पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. पहिला विलंब घरातच होतो. पोटासाठी मुंबई गाठण्याची या डोंगराळ भागातील पुरुषांची परंपरा जुनी आहे. नवरा दूर असतो, पैसा सासऱ्यांच्या हाती असतो, आणि जिच्या पोटात कळ उठते तिलाच ‘चला’ म्हणण्याचा अधिकार नसतो.

आपण मात्र या सर्वांना ‘त्याग’ असे गोड नाव देतो. ‘आमच्या आईने किती सोसले!’ असे अभिमानाने सांगतो. वाचकहो, इथे थोडे थांबून विचार करावा. त्याग तो, जो माणूस आपखुशीने करतो. ‘नाही’ म्हणण्याची मुभाच जिला नाही, तिच्याकडून घेतलेले सोसणे हा तिचा त्याग नव्हे; ती आपली सोय असते. आणि आपल्या सोयीला दुसऱ्याचे पुण्य म्हणणे हा अप्रामाणिकपणा आहे. यात एकट्या सासूला दोषी धरणेही न्यायाचे नाही. तिनेही कधीकाळी हेच सोसलेले असते, आणि आपण निभावले तर सुनेनेही निभवावे, असे तिला प्रामाणिकपणे वाटते.

डोंगराळ मुलखातून वाट काढीत मरिया गरोदर एलिझाबेथकडे गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. तिने केले ते एवढेच: ती सोबतीला राहिली. आपल्या घरांतही फार मोठे काही करावे लागणार नाही. तिचे ताट आधी वाढावे. दुधाचा पेला डेअरीच्या किटलीआधी भरावा. लोहाच्या गोळ्या ती वेळेवर घेते ना, हे नवऱ्याने मुंबईहूनही विचारावे. आणि कळा सुरू झाल्यावर कोणाच्या निरोपाची वाट पाहायची नाही, हे सातव्या महिन्यातच सर्वांनी मिळून ठरवून ठेवावे. मुक्या जिवासाठी एक दिवस नांगर थांबविणाऱ्या माणसांना हे अवघड वाटू नये.