संकेताचे वचन आणि विद्यार्थ्यांचा माहितीपट

इंग्रजीतील ‘डॉक्युमेंटरी’ या चित्रपटप्रकारासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत: अनुबोधपट आणि माहितीपट. पहिल्या शब्दात बोध करून देण्याची जबाबदारी गृहीत धरलेली आहे, तर दुसऱ्यात माहिती पुरवण्याची, आणि या दोन्ही अपेक्षा मनात घेऊनच प्रेक्षक पडद्यासमोर बसतो. चित्रपटाचे शिक्षण घेणारा विद्यार्थी पहिला माहितीपट करायला घेतो तेव्हा या अपेक्षांशी त्याची गाठ पडते, आणि बहुतेकदा त्याला दोनच वाटा दिसतात: रुळलेली चौकट नीट पाळून अभ्यासक्रमाची अट पूर्ण करायची, किंवा ती मोडून प्रयोगशील ठरायचे. ही मांडणी अपुरी आहे. संकेत पाळण्याचे किंवा मोडण्याचे मोल स्वयंभू नसते. ते विषयाच्या गरजेवरून आणि चित्रित झालेल्या माणसांविषयीच्या जबाबदारीवरून ठरते. महाराष्ट्रातील दोन शिक्षणसंस्थांच्या आवारात ज्यांची मुळे आहेत, अशा दोन माहितीपटांच्या आधारे हे प्रतिपादन तपासून पाहता येते.

त्यासाठी ‘संकेत’ म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. एखाद्या कलाप्रकारात निर्माता आणि रसिक यांच्यात न बोलता झालेला करार म्हणजे संकेत. कथापटात मरण पावलेले पात्र रंगवणारा नट जिवंत आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि त्यात त्याला फसवणूक वाटत नाही; माहितीपटात मात्र पडद्यावर दिसलेला मृत्यू खरा मानला जातो आणि तो खोटा निघाला तर प्रेक्षकाचा विश्वासघात होतो. निवेदकाचा आवाज, कॅमेऱ्यासमोरची मुलाखत, जुनी छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, माणसाच्या नावाची आणि हुद्द्याची पट्टी ही या प्रकारातील रूढ साधने होत, आणि समोर जे दाखवले जात आहे ते घडलेले आहे, असे वचन ती सगळी मिळून प्रेक्षकाला देत असतात.

हे वचन मात्र या प्रकाराच्या जन्मापासूनच गुंतागुंतीचे राहिलेले आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या 1922 सालच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये बर्फाच्या घरातील दृश्यांना पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून अर्धेच घर बांधले गेले होते, आणि बंदुका वापरू लागलेल्या इनुइट शिकाऱ्यांना जुन्या पद्धतीने भाल्याने शिकार करायला सांगितले गेले होते. माहितीपटाला प्रत्यक्ष वास्तवाची सर्जनशील हाताळणी म्हणणाऱ्या जॉन ग्रिअर्सन यांनाही हाताळणी या शब्दातील जोखीम दिसत असणारच. आज सर्वांत सपक वाटणारी मुलाखतसुद्धा एके काळी बंड होती. आर्थर एल्टन आणि एडगर अँस्टी यांच्या 1935 सालच्या ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’मध्ये लंडनच्या गलिच्छ वस्तीतील रहिवासी थेट कॅमेऱ्याकडे पाहून आपल्या खोल्यांतील उंदरांविषयी आणि ढेकणांविषयी स्वतःच्या बोलीत बोलले, तेव्हा गरिबांविषयी दुसऱ्या कोणीतरी बोलायचे, हा तोवरचा रिवाज मोडला.

भारतातही असेच घडले. 1948 साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवणे बंधनकारक होते, आणि धरणे, कारखाने, लसीकरण अशा विषयांवरचा तो भारदस्त, सर्वज्ञ, न दिसणारा आवाज म्हणजेच माहितीपट, अशी कित्येक प्रेक्षकांची समजूत होऊन बसली. याच सरकारी संस्थेत राहून एस. एन. एस. शास्त्री यांनी 1967 साली ‘आय अॅम 20’ हा माहितीपट केला आणि स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या विशीतल्या तरुणांना देशाविषयी बोलते केले. त्यांच्या उत्तरांत आशा होती, तशी कुरबूर आणि उदासीनताही होती, आणि ती एका आवाजाच्या सुरात बसवली गेली नाही. प्रत्येक संकेत कधीतरी कोणीतरी कशासाठी तरी घडवलेला असतो. तो कशासाठी घडला हे विद्यार्थ्याला ठाऊक नसेल, तर त्याचे पाळणे नुसती नक्कल ठरते आणि मोडणे नुसती हौस.

अभ्यासकांनी या संकेतांची वर्गवारीही केलेली आहे. बिल निकोल्स यांनी सांगितलेल्या पद्धतींपैकी तीन येथे उपयोगी आहेत: निवेदनातून युक्तिवाद करणारी विवेचनात्मक पद्धत, हस्तक्षेप न करता घडते ते टिपणारी निरीक्षणात्मक पद्धत, आणि माहितीपट कसा घडतो आहे हेच प्रेक्षकाला दाखवणारी आत्मलक्ष्यी पद्धत. विद्यार्थी अनेकदा या पद्धतींकडे शैली म्हणून पाहतात, पण प्रत्येक पद्धतीमागे विशिष्ट साधने आणि विशिष्ट वेळ असतो. निरीक्षणात्मक माहितीपट 1960च्या आसपास बहराला आला, कारण खांद्यावर पेलता येणारा कॅमेरा आणि त्याच्याशी जुळवून ध्वनिमुद्रण करणारे यंत्र तेव्हा हाती आले, आणि माणसे कॅमेऱ्याला सरावेपर्यंत त्यांच्यात राहण्याची दिग्दर्शकांची तयारी होती. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ 1997 साली मुंबईच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबारापासून सुरू होतो आणि 2011 साली पूर्ण होतो. मधली 14 वर्षे ही त्या माहितीपटाच्या आशयाचाच भाग आहेत. एका सत्रात, ठरावीक दिवसांसाठी मिळालेल्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ लांब, स्थिर दृश्ये लावली म्हणून निरीक्षण घडत नाही. जो वेळ दिलेलाच नाही तो दिल्याचा आभास त्यातून निर्माण होतो, आणि तोही प्रेक्षकाला दिलेल्या वचनाचा भंगच असतो.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी केलेला ‘कास्ट ऑन द मेन्यू कार्ड’ हा माहितीपट पाहण्यासारखा आहे. मुंबईतील गोमांसाच्या आहाराचा जात, उपजीविका आणि सामाजिक बहिष्कार यांच्याशी असलेला संबंध हा त्याचा विषय आहे. रचनेच्या दृष्टीने तो रूढ वाटेने जातो, म्हणजे माणसे बोलतात, इतिहासाचे आणि मिथकांचे दाखले येतात, आणि युक्तिवाद टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो. प्रयोगशीलतेच्या निकषावर त्याला कमी गुण द्यावेत असे एखाद्या परीक्षकाला वाटू शकते. परंतु 2015 साली दिल्लीतील एका माहितीपट महोत्सवात तो दाखवण्यासाठी केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळाली नाही. सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायचा असेल तर ही सूट आवश्यक असते, त्यामुळे त्याचे प्रदर्शन तेथे होऊ शकले नाही. साध्या रचनेच्या या माहितीपटात धाडस कशात आहे, याचे उत्तर या घटनेतून मिळते. ज्यांचे अन्न हाच त्यांच्या अपमानाचा आधार बनवला गेला, त्यांनी त्या अन्नाविषयी कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने बोलणे ही गोष्टच दुर्मिळ होती. तिथे प्रतिमांची कोडी किंवा तुटक संकलन यांमुळे बोलणाऱ्याचे शब्द झाकोळले असते. साक्ष जेव्हा प्रथमच नोंदवली जात असते, तेव्हा तिला सरळ, स्पष्ट आणि ओळखीची चौकट मिळणे हा तिचा हक्क असतो.

पायल कपाडिया यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’समोरचा प्रश्न नेमका उलटा होता. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर उभ्या राहिलेल्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये 2015 साली विद्यार्थ्यांचा 139 दिवसांचा संप झाला. तेथे शिकत असताना कपाडिया या संपात सहभागी होत्या, आणि त्या काळापासून साठत गेलेल्या चित्रीकरणातून हा माहितीपट आकाराला आला. 2021 साली कान महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ‘लोय द’ऑर’ पुरस्कार मिळाला. या संपाविषयी बातम्या, चर्चा आणि मुलाखती यांची कमतरता नव्हती. विवेचनात्मक पद्धतीने केलेला आणखी एक माहितीपट त्या गर्दीत भर घालून थांबला असता. सांगायचे राहिले होते ते आंदोलनाच्या आतले आयुष्य: जागून काढलेल्या रात्री, भीती, प्रेम, आणि घोषणा थांबल्यावर येणारा एकटेपणा.

म्हणून हा माहितीपट निवेदकाच्या जागी पत्रे आणतो. वसतिगृहातील एका खोलीच्या कपाटात ही पत्रे सापडली, असे प्रेक्षकाला सांगितले जाते. ती ‘एल’ नावाच्या विद्यार्थिनीने आपल्या प्रियकराला लिहिलेली आहेत, आणि जातीमुळे त्याच्या घरच्यांनी नाकारलेले हे नाते तुटत चालले आहे. आरंभी अंधारात नाचणारी तरुण मुले दिसतात, चित्र कृष्णधवल आणि दाणेदार आहे, त्या नाचाचे संगीत ऐकू येत नाही, आणि ऐकू येतो तो फक्त पत्र वाचणाऱ्या स्त्रीचा मंद आवाज. जे दिसते आणि जे ऐकू येते त्यांतील या अंतरामुळे तो नाच चालू असतानाच आठवण होऊन जातो. पुढे ग्रंथालयात वाचत बसलेल्या विद्यार्थ्यांवर पोलिस लाठ्या घेऊन धावून येतात, ते दृश्य सुरक्षा कॅमेऱ्याने टिपलेले आहे, आणि तिथे सौंदर्याचा कोणताही संस्कार शिल्लक राहत नाही. भिंतीवरच्या यंत्राची कोरडी, निर्विकार नजर आणि मित्रांच्या हातातल्या कॅमेऱ्याची जवळीक ही दोन टोके शेजारी आल्यामुळेच, चित्रण कोण करतो आहे याने सत्याचे स्वरूप कसे बदलते, हे प्रेक्षकाला कळते.

इथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. ‘एल’ हे पात्र कल्पित आहे, पत्रेही लिहून घडवलेली आहेत. मग त्यांना सापडलेला कागद म्हणून सादर करणे ही दिशाभूल नव्हे काय? मराठी श्रोत्याला परिचित असलेल्या नारदीय कीर्तनाची रचना या प्रश्नावर प्रकाश टाकू शकेल. पूर्वरंगात कीर्तनकार अभंगाचे निरूपण करतो आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाला धरून आख्यान रंगवतो. आख्यानातील संवाद कीर्तनकाराने रचलेले आहेत हे श्रोत्याला ठाऊक असते, आणि तरीही त्यातून मिळणारा अर्थ तो खराच मानतो, कारण दोन्हींमधली सीमा त्याला ओळखता येते. कपाडिया यांनी सीमा आखली आहे ती आवाज आणि चित्र यांच्यामध्ये: पत्रे कल्पित असली तरी संप, मोर्चे आणि मारहाण यांची दृश्ये कल्पित नाहीत. शिवाय कल्पिताची ही ओढणी एका ठोस कामाची आहे. जातीमुळे मोडलेल्या नात्याची कहाणी एखाद्या खऱ्या विद्यार्थिनीच्या नावाने आणि चेहऱ्याने सांगितली असती, तर त्याची किंमत त्या मुलीला मोजावी लागली असती. तरीही हे मान्य केले पाहिजे की ही सीमा कीर्तनातील सीमेइतकी उघड नाही आणि काही प्रेक्षकांना ती उशिरा कळते. माहितीपटाची ही खरी जोखीम आहे, आणि तिचे समर्थन होते ते केवळ घटनांच्या सत्याला त्याने कुठेही हात लावलेला नाही म्हणून.

या दोन उदाहरणांतून विद्यार्थ्यांच्या माहितीपटाकडे पाहण्याची एक कसोटी हाती येते. संकेत पाळला असेल तर त्यामुळे कोणाचा आवाज अधिक स्पष्ट झाला, आणि मोडला असेल तर त्या जागी प्रेक्षकाला दुसरे कोणते वचन दिले व ते पाळले गेले का, हे विचारले पाहिजे. मुलाखती आहेत म्हणून माहितीपट जुनाट ठरत नाही आणि निवेदन नाही म्हणून तो धीटही ठरत नाही. आज हातातल्या फोनवरही चित्रीकरण व संकलन होऊ शकते, त्यामुळे संकेत मोडण्याची साधने सर्वांना उपलब्ध आहेत. अवघड राहिले आहे ते चित्रित माणसाला पुन्हा भेटून, पूर्ण झालेले काम त्याच्यासोबत बसून पाहणे. चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांनी मूल्यमापनात या भेटीला जागा द्यावी. ज्याच्या घरात कॅमेरा नेला, त्याला आपला माहितीपट दाखवताना जो विद्यार्थी नजर चुकवत नाही, त्याने संकेत पाळलेला असो वा मोडलेला, त्याचे वचन पूर्ण झालेले असते.