सूट कोणाला, इन्साफ कोणाचा?

आमच्या घरांत मुलाला पहिली अदब शिकवतात ती नजरेची. बुजुर्गांसमोर नजर खाली ठेव. तोच मुलगा शाळेत आला की आम्ही मास्तर मंडळी दरडावतो, ‘माझ्याकडे बघून बोल!’ ही विसंगती आमच्या ध्यानी आली ती चौथीच्या वर्गातल्या एका मुलामुळे.

हा मुलगा नजर देत नसे. सलामचा जवाब देत नसे. घंटा झाली की कान दाबून बाकाखाली शिरे. एस.टी.चे वेळापत्रक मात्र तोंडपाठ. एकदा आम्ही ‘तोंड सांभाळ’ म्हणालो, तर त्याने दोन्ही हातांनी गाल धरले. वर्ग हसला. आम्ही त्याला चेष्टेखोर ठरवून तासभर उभे केले. त्याला शब्दाचा तेवढाच अर्थ कळला होता, हे आम्हांला कळायला वर्ष लागले. तेही त्याच्या अम्मीने सांगितले तेव्हा. स्वमग्नता हा शब्द तिच्या तोंडी येईपर्यंत ती ताईत, दर्गे, डॉक्टर करून थकली होती. ‘आईनेच बिघडवले,’ हे मोहल्ल्याचे निदान.

मोहल्ल्याला हसण्यात अर्थ नाही. लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांच्या नोंदी मांडून या अवस्थेला नाव दिले. पण आईबापांच्या थंडपणाकडे बोट त्यांनीही दाखवले. 1964 साली बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, हे मूळ शरीरातले आहे असे सांगितले. तरी 1967 साली ब्रूनो बेटेलहाइम पुस्तक लिहून आईबापांनाच दोष देत होते. अमेरिकेतले विद्वान आणि आमच्या गल्लीतली खाला एकाच मुक्कामी पोचले होते!

आम्ही मग थोडे बदललो. दिवसाचे तास क्रमाने फळ्यावर लिहू लागलो. घंटेआधी त्याला बाहेर जाऊ देऊ लागलो. तोंडी उत्तराऐवजी लिहून घेऊ लागलो. लगेच बाकीची मुले विचारू लागली, ‘सर, त्यालाच सूट का?’

प्रश्न रास्त होता. सर्वांना एकच माप लावणे म्हणजे इन्साफ, असे आम्हीच शिकवत आलो होतो. पण मशिदीत गुडघे दुखणारे चाचा खुर्चीवर बसून नमाज पढतात, तेव्हा शेजारचा जवान ‘मलाही खुर्ची’ म्हणत नाही. फरक एवढाच की चाचांचे गुडघे सर्वांना माहीत असतात. या मुलाच्या कानांत घंटा कशी वाजते ते कोणाला दिसत नाही. कायद्यालाही ते उशिरा दिसले. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते; 2016 च्या कायद्यात ते आले.

मात्र खुर्चीचा दाखला सगळीकडे पुरत नाही. एका गोंगाटाच्या दिवशी त्याने शेजाऱ्याला ढकलले. पोराच्या कपाळाला खोक पडली. त्याचे अब्बा आले. म्हणाले, ‘मास्तर, तुमची माणुसकी माझ्या मुलाने का सोसायची?’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. पन्नास पोरांचा वर्ग, मास्तर एक. गोंगाट आम्हीच आवरायला हवा होता, एवढे कबूल केले आणि बाक बदलून दिला.

आठवड्याने तो शेजारी आपण होऊन जुन्या जागी येऊन बसला. का, ते आम्ही विचारले नाही. घंटा व्हायची वेळ आली की तो हळूच त्याच्या वहीवर बोट वाजवी.