चाक आपल्याकडे फिरवा

दुपारची कामं आटोपली असतील तर जुन्या मशीनवरचं झाकण काढा आणि समोर बसा. शिवायचं काही नाही. चामड्याचा पट्टा उतरवून ठेवा. पायडलवर पाय नको, फक्त उजवा हात चाकावर असू द्या.

लोखंडाचा गारवा तळव्याला लागेल. आमच्या साताऱ्यात श्रावणात तो ओलसरही असतो. बोटाला तांबूस काही लागलं का, पाहा. जुन्या मशीनची पहिली मागणी हीच: आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हात लावावा.

आता चाक आपल्याकडे फिरवा, अगदी सावकाश. उलटं नको, दोरा गुंततो. सुई खाली उतरेल. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, हिचं अणीपाशी. एवढ्या एका अदलाबदलीवर सगळं यंत्र उभं आहे. अमेरिकेत एलायस हाऊ यांनी अशा सुईच्या यंत्राचं पेटंट १८४६ मध्ये घेतलं, आयझॅक सिंगर यांनी आपलं १८५१ मध्ये.

सुई तळाला जाऊन किंचित वर येते तिथे थांबा. दोऱ्याची एक बारीक कडी मागे राहिलेली असते. शटलचं टोक त्या कडीत शिरतं आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकतो. ही गुंतवण कापडाच्या पोटात व्हायला हवी. वरचा ताण वाढला की खालचा दोरा ओढला जाऊन वर दिसू लागतो. श्वास सोडा, आणखी एक फेरा द्या.

माझ्या आजोळी, सांगलीकडे, ओतीव लोखंडाच्या दोन वस्तू होत्या: परड्यात किर्लोस्करांचा नांगर आणि माजघरात असंच एक मशीन. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथले ते नांगर. आजी नांगराचा फाळ बदलताना पाहत आली होती, म्हणून मशीनचे स्क्रू सोडवायला ती कधी बिचकली नाही, असं मला वाटतं. यंत्रांबद्दल एवढी शंका बाळगणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं.

अशा मशीनचं उणंही मनात येऊ द्या. ते सरळ टीप घालतं, बस्स. काज नाही, पिको नाही, ताणणाऱ्या कापडावर टाके सुटतात. हलवायला दोन माणसं लागतात. होडीच्या आकाराचं शटल असलेलं मशीन असेल तर त्याच्या बॉबिनसाठी दुकानं पालथी घालावी लागतात. पायडल मारून आजीचे गुडघे गेले, हे मी विसरू शकत नाही. दिवाळीच्या तोंडावर जिला वीस ब्लाउज द्यायचेत, जिचं पोट शिलाईवर आहे, तिला जुनंच घे असं मी सांगणार नाही.

आणि तरीही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आजोळच्या घरात शिरलं. ओसरल्यावर मशीन गाळात सापडलं. मामीने ते अंगणात उघडलं, एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवला, दात घासायच्या जुन्या ब्रशने गाळ काढला, उन्हात वाळवलं, भोकाभोकात तेल सोडलं. चौथ्या दिवशी चाक फिरलं. लाकडी टेबल मात्र फुगून फाटलं, ते गेलंच. घरातली विजेवर चालणारी कुठलीच वस्तू परत सुरू झाली नाही.

तेच मशीन आता माझ्याकडे आहे, साताऱ्यात, नव्या फळीवर. तुमच्या मशीनचा आवाज ऐकू येईल इतकं शांत बसा. खडखड येत असेल तर एक थेंब मशीनचंच तेल सोडा. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. जास्तीचं तेल चिंधीवर उतरू द्या.

आता पट्टा चढवा. जुन्या धोतराचा एक तुकडा सुईखाली ठेवा, वीतभर टीप घाला. तुकडा उलटा करा, आणि बोटाने चाचपून पाहा, दोन्हीकडचे टाके सारखे लागतात का.