किती जणांसाठी?

गेल्या रमजान ईदची चाँदरात. बाजारातून बांगड्या, अत्तर आणि मुलांच्या चपला घेऊन घरी परतायला अकरा वाजून गेले. घरात पाऊल टाकताच आठवले की खारका भिजत घालायच्या राहिल्याच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही काळजी आमची नव्हती. शीरखुर्मा सासूबाईंच्या हातचा असे. आम्ही बदाम सोलून द्यायचे आणि चारोळी निवडायची, एवढेच. त्या गेल्या आणि पातेले आमच्याकडे आले. प्रमाण मात्र त्यांच्याबरोबरच गेले.

आमची नोकरी आणि सासर जळगावचे, माहेर धुळ्याचे. इतक्या रात्री अम्मीला झोपेतून उठवणे जिवावर आले. शिकायला आमच्याकडे राहिलेला पुतण्या म्हणाला, "चाची, फिक्र कशाला? याला विचारू." आणि त्याने मोबाइल पुढे केला.

संगणकाला माणसासारखा प्रश्न विचारता येतो आणि तो माणसासारखे उत्तर देतो, हे आता नवे राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, त्यानंतर तशी आणखीही आली. आमच्या शिक्षक-कक्षात या विषयावर रोज वाद होतो. आम्हाला स्वतःला त्याचे कुतूहल आहे, हे कबूल करायला हवे. उर्दूत विचारले तर उर्दूत बोलते, मराठीत विचारले तर मराठीत. बी.एड.ला असताना पाठ-टाचणासाठी रात्र रात्र जागलेल्या माणसाला ही जादूच वाटणार. तर त्या रात्री पुतण्याने शीरखुर्म्याची कृती विचारली. उत्तर देण्याआधी त्या यंत्राने एक साधा प्रश्न केला : किती जणांसाठी?

आम्ही घरात नजर फिरवली. आम्ही, मुलांचे अब्बा, दोन मुले आणि पुतण्या. "पाच लिही," आम्ही म्हणालो.

एक लिटर दूध, इतक्या शेवया, इतक्या खारका, इतकी साखर. सगळे मोजूनमापून घेतले. सकाळी ईदगाहावरून मंडळी परत आली तेव्हा शीरखुर्मा तयार होता, आणि खोटे कशाला सांगावे, उत्तम झाला होता. दाट, केशरी, वर पिस्त्याचे काप. मुलांनी दोनदा घेतला. दहा वाजेपर्यंत पातेल्याचा तळ दिसला.

आणि मग दार वाजू लागले. आधी समोरच्या काकू आल्या. आखाजीला त्यांच्याकडून मांडे येतात, दिवाळीला चकल्या आणि अनारसे. ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जातो. सासूबाई असताना तो त्या येण्याआधीच गेलेला असे. या वेळी काकू स्वतःच मुबारकबाद द्यायला आल्या. त्यांच्या हातात दिवाळीचा आमचा डबा होता, आणि रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घातलेली होती. नंतर मुलांच्या अब्बांचे दोन सहकारी आले. शेवटी आमच्या वर्गातली एक तिसरीची मुलगी आली, तीन वर्षांच्या भावाचे बोट धरून. दोघांच्या डोळ्यांत सुरमा. "मॅडम, ईद मुबारक."

आम्ही मुलांच्या हातावर दहा-दहाची नोट ठेवली आणि बशीत बिस्किटे दिली. लहानगा बिस्किटाकडे बघत नव्हता. तो आत, स्वयंपाकघराकडे बघत होता.

संध्याकाळी अम्मीला फोन करून झाले ते सांगितले. ती आधी हसली. मग म्हणाली, "कितने लोगों के लिए, ये भी कोई पूछने की बात है बेटा? ईद के दिन दरवाजा बंद रहता है क्या?"

हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला आहे. मोजणे आणि देणे ही दोन्ही एका हाताची कामे आहेत की मोजू लागलेला हात आखडतोच?

पहिला विचार मनात आला तो असा की सगळा दोष यंत्राचा. जुनी माणसे अंदाजाने करत, त्यात बरकत होती. यंत्र आले आणि बरकत गेली. असे लिहिणे सोपे आहे आणि ऐकणाऱ्यालाही ते आवडते. पण ते खरे नाही. आमच्या लहानपणी धुळ्यात रमजानच्या आधी गल्लीत शेवयांचे मशीन फिरे. खाटेच्या कडेला ते घट्ट बसवायचे, एकीने कणीक घालायची, दुसरीने दांडा फिरवायचा आणि तिसरीने शेवया उचलून गच्चीवर वाळत टाकायच्या. नानीला ते मशीन अजिबात पसंत नव्हते. हातावर वळलेल्या शेवईची चव त्याला नाही, असे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. अम्मीने मात्र मशीन आनंदाने घेतले, कारण एका दुपारी चार घरांच्या शेवया होत. म्हणजे आज जी अम्मी आम्हाला जुनी वाटते, ती तिच्या काळी नवीच होती.

शिवाय अंदाजावर सोडलेले ज्ञान किती सहज हरवते, हे खान्देशाइतके कोणाला ठाऊक असणार? जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात सुचलेली त्यांची गाणी सोपानदेवांनी जपली नसती, तर ती वाऱ्यावर गेली असती. बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. हाताचे ज्ञान कागदावर उतरवणे हा त्या हाताचा अपमान नव्हे. सासूबाईंचे प्रमाण आम्ही वेळीच लिहून ठेवले असते, तर चाँदरातीला यंत्राकडे जावे लागले नसते. चूक यंत्राची नाही, आमच्या आळसाची आहे.

आणि अम्मी मोजत नव्हती, असे तरी कुठे आहे? अब्बा यंत्रमागावर कामाला होते. वीज गेली की माग बंद, माग बंद तर मजुरी बंद. अशा घरात ईदचे दूध मोजूनच येणार. लहानपणी आम्हाला एका गोष्टीची फार लाज वाटे. मैत्रिणींच्या घरचा शीरखुर्मा दाट, आमचा पातळ. शेवया शोधाव्या लागत. एकदा आम्ही अम्मीला तसे बोलूनही दाखवले. ती काही बोलली नाही. दुपारपर्यंत दाराशी येणाऱ्या शेवटच्या माणसालाही तिने वाटी भरून दिली. जेवढे दूध परवडे तेवढेच ती घेई. पण माणसे वाढली की पाणी वाढवी. आज कळते की त्या पातळपणात इतरांचा हिस्सा होता. यंत्राला ती कृती दाखवली असती, तर दूध कमी, पाणी जास्त, असा दोष त्याने काढला असता. पाककृती म्हणून ते बरोबरही ठरले असते.

रश्शात पाणी वाढवा आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, या अर्थाची शिकवण हदीसमध्ये आहे. हजरत अबू जर यांना ती दिली गेली आणि 'सहीह मुस्लिम'मध्ये ती नोंदलेली आहे. आम्ही मदरशात ती पाठ केली होती. पण तिच्यातली बारकाई आत्ता ध्यानात आली. मटण वाढवा, असे तिथे सांगितलेले नाही. गरिबाला ते जमणार नाही, हे सांगणाऱ्याला माहीत होते. पाणी प्रत्येकाला जमते. फक्त आपल्या वाटीतली चव थोडी कमी होते, आणि तेवढी कमी होऊ देणे हीच खरी किंमत आहे.

मग मजहब मोजमापाच्या विरुद्ध आहे का? मुळीच नाही. फितऱ्याचे उदाहरण घ्या. तिथेही पहिला प्रश्न हाच : घरात किती जण? माणशी एक फितरा. रोजा न ठेवणाऱ्या तान्ह्या बाळाचाही. ईदच्या पहाटेआधी जन्मलेले मूलसुद्धा हिशेबात धरतात. खजूर किंवा जव असतील तर एक साअ. गहू असतील तर हनफी मताप्रमाणे अर्धा साअ, आजच्या वजनात तो साधारण पावणेदोन किलो धरतात. आणि ईदच्या नमाजेआधी तो गरजूच्या हाती पडला पाहिजे, म्हणजे त्याच्याही घरी त्या दिवशी चूल पेटेल. एवढी काटेकोर मोजणी! पण ती कशासाठी? आपल्याकडून दुसऱ्याचे किती देणे आहे, हे कळावे म्हणून. चाँदरातीला आम्ही पाच माणसे मोजून पाच फितरे काढले, आणि त्याच रात्री तीच पाच माणसे मोजून शीरखुर्मा शिजवला. आकडा एकच होता. एका ठिकाणी त्याने हात उघडला, दुसऱ्या ठिकाणी मिटला.

इथे आमच्या शाळेची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. 'किती जणांसाठी?' हा प्रश्न आम्ही आयुष्यात पहिल्यांदा त्या रात्री ऐकला, असे नाही. शाळेत त्याचे उत्तर आम्ही रोज देतो. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत मुलांना शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्या योजनेला २०२१ पासून पीएम पोषण म्हणतात. पाचवीपर्यंतच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम. आज किती मुले जेवली, तो आकडा मोबाइलवर भरायचा. हा हिशेब हवाच. आकडा खरा नसेल, तर मुलाच्या तोंडचा घास दुसरीकडे जाईल. हिशेब हे त्या घासाचे राखण आहे.

पण ईदच्या काही महिने आधी एका दुपारी असे झाले. त्याच तिसरीतल्या मुलीने धाकट्या भावाला बरोबर आणले होते. आई डाळ मिलमध्ये कामाला जाते, त्या दिवशी घरी ठेवायला कोणी नव्हते. पोषण आहाराच्या पंगतीत तोही ताईजवळ बसला. आम्ही म्हणालो, "याचे नाव पटावर नाही. याला बाहेर पायरीवर बसव." मुलगी काही बोलली नाही. भावाला पायरीवर बसवून ती परत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मेरे में से आधा उसको दूँ तो चलेगा?"

आम्ही उत्तर शोधत होतो, तोवर खिचडी करणाऱ्या मावशी ताट घेऊन पायरीकडे गेल्याही होत्या. परत येऊन आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "पाणी जरा वाढवलं व्हतं, बाई. पुरतंय." मावशी आमच्या मजहबच्या नाहीत. ती हदीस त्यांनी कधी ऐकलेली नसावी. आम्ही ती पाठ केलेली होती.

त्या दिवशी मोबाइलवर आम्ही खराच आकडा भरला, पटावरचा. तो वाढवला नाही आणि वाढवायलाही नको होता. पण मुलाला पायरीवर बसवायचीही गरज नव्हती. आकडा आकड्याच्या जागी राहू शकत होता आणि मूल पंगतीत. आम्ही दोन्हींची गल्लत केली. ईदच्या दिवशी तेच मूल आमच्या दारात उभे राहिले आणि आमच्याकडे त्याला द्यायला पुन्हा काही नव्हते. आता तर पटही नव्हता, ज्याच्याकडे बोट दाखवावे.

म्हणून मोजण्याविरुद्ध आमची तक्रार नाही. पगार मोजका असलेल्या घरात मोजल्याशिवाय भागत नाही, आणि न मोजता केलेल्या जेवणावळींत उकिरड्यावर जाणारे अन्नही आपण पाहतो. त्याला बरकत म्हणता येत नाही. प्रश्न आहे तो कोणाला मोजायचे, याचा. हा प्रश्न यंत्राला सोडवता येत नाही. असंख्य मजकूर वाचून, एका शब्दामागे कोणता शब्द यावा, हे ते शिकलेले असते. जगातल्या हजारो घरांचा शीरखुर्मा त्याच्या वाचनात असेल, पण आपल्या दाराशी कोण येणार आहे, हे त्याला आपणच सांगायचे असते. त्याने प्रामाणिकपणे विचारले होते. 'पाच' हे उत्तर आमचे होते.

बकरी ईदला पुतण्याला पुन्हा मोबाइल घेऊन बसवले. या वेळी त्याला लिहायला सांगितले : घरातले पाच, आणि जे येतील ते. यंत्र अडखळले नाही. पंधरा जणांचा अंदाज धरा, दूध तीन लिटर घ्या, आणि माणसे वाढलीच तर आणखी दूध घालून पातळ करता येईल, असे त्याने सांगितले. पुतण्या म्हणाला, "चाची, दादीही असेच करायची ना?" आम्ही प्रमाण वहीत उतरवून घेतले. वर सासूबाईंचे नाव लिहिले आणि खाली एक ओळ अम्मीची : गरज पडल्यास पाणी.

आदल्या दिवशी शाळा सुटताना त्या मुलीला सांगितले, "उद्या ये. भावाला घेऊन ये."

ती आली. शीरखुर्मा थोडा पातळ झाला होता.