कोणत्या कॅम्पातले?

दोन अनोळखी मराठी माणसं भेटली की ‘गाव कोणतं?’ हा प्रश्न निघतोच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जपानी वंशाची दोन कुटुंबं भेटली, की विचारत, ‘तुम्ही कोणत्या कॅम्पात होता?’ पूर्वजांच्या गावाची जागा काटेरी कुंपणाआडच्या छावणीने घेतली होती. हे कसं घडलं, ते त्यांच्या पिढ्यांच्या नावांतूनच उलगडतं.

पिढ्यांची ही मोजणी समुद्र ओलांडण्यापासून सुरू होते. आलेला तो ‘इस्सेई’, पहिला. त्याची मुलं ‘निसेई’, नातवंडं ‘सान्सेई’. कित्येक इस्सेईंचा बेत साधा होता: चार पैसे गाठीला बांधायचे आणि परतायचं. पुढे संसार तिथेच रुजला, पण कायद्याने त्यांना परकंच ठेवलं. कॅलिफोर्नियात १९१३ पासून त्यांना शेतजमीन विकत घेता येईना, आणि १९५२ पर्यंत नागरिकत्वाचं दार बंद होतं. ते जपानीच राहिले, कारण दुसरं काही होण्याची मुभाच नव्हती.

निसेई जन्माने अमेरिकन होते. तरी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर, १९४२ मध्ये, जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० जणांना घरदार सोडायला लावून छावण्यांत डांबलं गेलं. त्यांतले दोनतृतीयांश नागरिक होते. १९४३ मध्ये निष्ठा तपासणारा एक छापील अर्ज समोर आला: सैन्यात जाल का? जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडाल का? जी निष्ठा कधी वाहिलीच नव्हती, ती निसेईंनी सोडायची कशी? आणि जपान सोडला, तर इस्सेईंना देश कुठला उरणार? ‘हो’ आणि ‘नाही’ यांवरून घरं दुभंगली. युद्ध संपल्यावर अनेक घरांनी ते सारं मनात गाडून टाकलं.

सान्सेईंच्या कानांवर ‘कॅम्प’ हा शब्द पडे, तेव्हा कित्येकांना ती सुट्टीतली शिबिरं वाटत. मोठेपणी अर्थ कळला आणि ती विचारू लागली. १९६९ मध्ये तरुणांचा एक जथा कॅलिफोर्नियातल्या मँझनारच्या ओसाड छावणीची यात्रा करून आला. १९८१ च्या सरकारी सुनावण्यांत ७५० हून अधिक जणांनी साक्ष दिली. काहींच्या मुलांनी ती हकिगत तिथेच प्रथम ऐकली. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि छावण्यांत डांबलेल्यांपैकी हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं.

आजोबांची ओळख कायद्याने ठरवली. बापाची ओळख एका अर्जाने मागितली. नातवंडांनी मात्र ती घरातल्या माणसांना विचारून मिळवली, आणि मला हीच ओळख खरी वाटते. रक्त आपोआप उतरतं, पण कुळाचा इतिहास कुणीतरी विचारावा लागतो. आज चौथ्या-पाचव्या पिढीतल्या कित्येकांना जपानी भाषा येत नाही. पण आपले आजी-आजोबा कोणत्या कॅम्पात होते, हे त्यांनी विचारून ठेवलं असेल, तर त्यांचं गाव हरवलेलं नाही.